तीन हातांचं वजन

काटा शून्यावरून उठला की सरळ आपल्या आकड्यावर जाऊन बसत नाही. आधी थोडा पुढे जातो, मग चूक लक्षात आल्यासारखा मागे येतो, पुन्हा किंचित पुढे, आणि असे दोन-चार हेलकावे खाऊन मग थांबतो. वर उभ्या माणसाच्या पायांत कंप असेल तर हेलकावे जास्त वेळ चालतात. ताईला हे लहानपणापासून माहीत होतं. आपल्याच पायांखाली ते बघत उभं राहावं लागेल, हे मात्र माहीत नव्हतं.

घर वजनकाटे करणाऱ्यांचं. खाली कारखाना, वर राहायच्या खोल्या. कारखाना वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, सुरू केला, ताईने नावारूपाला आणला आणि ती आजारी पडल्यावर धाकट्या भावाने अंगावर घेतला. हा भाऊ जन्मला तेव्हा इतका किरकोळ होता, की अप्पांनी त्याला छटाक म्हणायला सुरुवात केली. आता तो दारात उभा राहिला की खोलीतला उजेड अडतो, पण नाव बदलायचं राहून गेलं ते गेलंच.

कारखान्याचा एकच नियम होता, तीन हातांचा. एकाने काटा जुळवायचा, दुसऱ्याने प्रमाण वजनं ठेवून तपासायचा, तिसऱ्याने झाकण लावायचं. आपलं जुळवलेलं आपणच तपासायचं नाही. "एका हाताच्या काट्यावर देवानेसुद्धा भरवसा ठेवू नये," असं अप्पा म्हणत. देवाचं नाव ते उगाच घेत नसत. रोज सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून, हात जोडून ते बसत. ओठ हलत, आवाज येत नसे. त्या वेळी घरात कुणी भांडं आपटत नसे.

ताईला रक्ताचा कॅन्सर होता. पहिल्या उपचारांत केस गेले, तोंड सोलवटलं, चमचा जिभेला लागला की गंज चाटल्यासारखं वाटायचं. पण आजार गेला. डॉक्टरबाईंनी हसून हात हातात घेतला, भावजयीने सगळ्यांसाठी खीर केली. आणि मग, अंगावरची धूळ झटकून ती पुन्हा कारखान्यात बसू लागली, तोवर आजार परत आला.

या वेळी डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढून, सावकाश सांगितलं. "एक मार्ग आहे. पहिल्यापेक्षा बरंच कडक औषध, बंद खोलीत, आठवडेच्या आठवडे. मग भावाच्या हाडांतली मज्जा तुम्हाला द्यायची. त्याची जुळते, हे आपलं नशीब. पण शरीराने ते सोसलं पाहिजे, आणि तुमचं वजन उतरतंय. दुसरं म्हणजे हे काही करायचं नाही. गोळ्या, अधूनमधून रक्त चढवायचं, घरी राहायचं. त्यात दिवस कमी, पण ते तुमच्या घरातले."

"पहिल्यात जगायची शक्यता किती?"

"थोडी आहे. तुम्ही मोजमाप जाणणाऱ्या, म्हणून खोटं सांगत नाही. थोडीच आहे."

"पुढच्या वेळी सांगते," ताई म्हणाली.

छटाकला विचारायची गरजच नव्हती. त्याने त्याच दिवशी सिगारेटचं पाकीट गटारात टाकलं. "ताई, मी आयुष्यभर मज्जा केली, आता तुला देतो, तू कर," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला. भावजय म्हणाली, "यांच्याकडे एवढीच एक चीज भरपूर आहे, घेऊन टाका, ताई." सगळे हसले, आणि ते हसू बघून ताईच्या घशाशी आलेलं उत्तर परत खाली गेलं.

पुढची वेळ आली. ताईने पुन्हा पुढची वेळ मागितली.

घरात माणसं तोलायचा एक जुना काटा होता. अप्पांनीच तरुणपणी बनवलेला, मोठ्या गोल तबकडीचा, आत स्प्रिंग. अप्पांची प्रार्थना झाली की ताई त्यावर उभी राही. अप्पांना आता तबकडी दिसत नसे, ते खुर्चीतून विचारत, "किती गं?" ती आकडा सांगे. ते म्हणत, "देवाची कृपा." आकडा घसरू लागला, तेव्हाही ते तेच म्हणत, फक्त आवाज आकड्याबरोबर खाली येई. एक दिवस ते काहीच बोलले नाहीत. खिडकीकडे तोंड करून बसून राहिले.

त्या दुपारी ताईने काट्याचं झाकण उघडलं.

शून्य हलवणं हे अडाण्याचं काम. रिकामा काटा बघताच चोरी पकडली जाते. ताईने आतल्या पट्टीचा स्क्रू सरकवला. आता रिकामा असताना काटा बरोबर शून्यावर. भार पडला, की मगच खोटं. तिच्या वजनाला तो तीन किलो जास्त दाखवेल, असा तिने तो लावला. उभ्या आयुष्यात तिने कुणासाठी काटा मारला नव्हता. दोन गिऱ्हाइकांनी तसं मागितलं, तेव्हा तिने त्यांना कारखान्याच्या पायऱ्या उतरायला लावलं होतं. झाकण लावताना तिचे कान गरम झाले. दुसऱ्या दिवशी तिने आकडा सांगितला, अप्पा म्हणाले, "देवाची कृपा," आणि त्यांचा आवाज वर होता. ताईला वाटलं, चला, एवढ्यापुरतं पाप पचेल.

रोज ती मनात तीन वजा करी. खरा आकडा तिचा, खोटा अप्पांचा.

आणि मग एका आठवड्यात काटा चढला. फार नाही, एकाच किलोने. ताईने तीन वजा केले, पुन्हा केले. उरलेलं गेल्या आठवड्यापेक्षा जास्त होतं. तिने खाली उतरून पुन्हा चढून पाहिलं. चप्पल नव्हती, शाल नव्हती, पाणीही प्यायली नव्हती.

विज्ञान शिकलेली, काट्यांत वाढलेली बाई. एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नसतो, हे तिच्या हाडीमांसी भिनलेलं. पण हाडांतच बिघाड झाला होता. चार दिवसांनी आकडा तिथेच टिकून होता, तेव्हा तिने स्वतःशी कबूल केलं, की आपण सुधारतो आहोत. गाल वर आल्यासारखे वाटले. चमच्याची गंजकी चव कमी झाल्यासारखी वाटली. एका सकाळी ती अप्पांच्या खुर्चीशेजारी खाली बसली आणि डोळे मिटले. तिला प्रार्थना येत नव्हती. ती नुसतं "आभारी आहे" म्हणाली, बँकेतल्या माणसाला म्हणावं तसं. अप्पांचा हात चाचपडत आला आणि तिच्या उघड्या डोक्यावर, नुकत्याच फुटलेल्या लवेवर, टेकला.

ते दिवस चांगले होते. ती खाली कारखान्यात जाऊन बसे आणि एका प्रयोगशाळेचा नाजूक दांडीचा काटा हळूहळू जुळवी. छटाकचंच काय बिनसलं होतं, कळत नव्हतं. त्याचे विनोद आटले होते. तो दर तासाला काहीतरी खायला आणून समोर ठेवी आणि ती खाईपर्यंत हलत नसे.

"अरे, मला विकायला काढणार आहेस का, एवढं चारतोस ते?"

"खा गं, ताई. वाद नको," तो म्हणे, आणि तोंड फिरवी.

भावजयीचंही वेगळंच. तिने चहातली साखर सोडली, जेवण निम्म्यावर आणलं. "काय सांगू, ताई, फुगत चाललेय. हवेवर वजन वाढतंय माझं." ताई हसली. ऐकून सोडून दिलं. इतर कुणाच्या घरातली गोष्ट असती, तर त्या एका वाक्यावर तिने चोर पकडला असता.

रक्त चढवायच्या दिवशी छटाक तिला हॉस्पिटलात सोडून बाहेर गाडीत बसला. संसर्गाच्या भीतीने आत कुणाला घेत नसत. ताईने ठरवलं होतं, आज डॉक्टरबाईंना हो म्हणायचं. कडक औषध, बंद खोली, सगळ्याला हो. जिन्यात तिने ते वाक्य दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. गंमत म्हणजे तेवढं म्हणतानाच जीभ जड होत होती.

सिस्टरने तिला काट्यावर उभं केलं. इथला काटा आकडे उजळवणारा, नवा. ताईने आकडा वाचला आणि म्हणाली, "सिस्टर, हा बिघडलाय."

"कालच तपासून गेलेत, ताई."

"कोण तपासून गेलं? कमी दाखवतोय हा. मला सलाईनच्या दोन बाटल्या द्या. सीलबंद, लिटरच्या."

"काटा तपासायला आलात की स्वतःला?" सिस्टर हसत म्हणाली, पण बाटल्या आणून दिल्या. लिटरभर सलाईन म्हणजे किलोला जरा वर, प्लास्टिक धरून आणखी थोडं. ताईला ते बोटांना माहीत होतं. एक बाटली छातीशी धरून ती उभी राहिली, मग दोन धरून. आकडा जितका चढायला हवा तितकाच चढला, एक कणभरही कमी-जास्त नाही. तिने बाटल्या खाली ठेवल्या आणि पुन्हा नुसती उभी राहिली.

काटा बरोबर होता. मागच्या वेळेपेक्षाही ती हलकी झाली होती.

"ताई, बसा. पाणी देऊ?"

"नको. काटा चांगला आहे तुमचा," ती म्हणाली. "कुणी जुळवलाय, त्याला सांगा."

रक्ताची पिशवी थेंबथेंब रिकामी होत होती, तेव्हा डॉक्टरबाई आल्या. पलंगाच्या कडेला टेकल्या. "खोली राखून ठेवलीय मी. फार काळ नाही ठेवता येणार. काय ठरवलंत?"

ताई पिशवीतून पडणारे थेंब मोजत राहिली.

"उद्या फोन करते," ती म्हणाली.

"दर वेळी असंच म्हणता," डॉक्टरबाई न रागावता म्हणाल्या.

घरी आल्यावर ती वर गेली नाही. छटाकला म्हणाली, "तो घरातला काटा खाली आण."

"आत्ता? दमली असशील."

"आण म्हणते ना."

त्याने काटा आणून कारखान्याच्या मधल्या बाकावर ठेवला आणि हात पुसत उभा राहिला. एरवी त्याने विचारलं असतं, कशाला. आज विचारलं नाही. ताईने फडक्यात धरून प्रमाण वजनं एकेक करून चढवली, आपल्या खऱ्या वजनाइतकी. काटा हेलकावला, थांबला. तीन किलो जास्त असायला हवा होता. पाच होता.

तिने झाकण उघडलं. पट्टीच्या स्क्रूची खाच एका बाजूने खरवडलेली होती. तिने स्वतः फिरवला तेव्हा बेताचा स्क्रूड्रायव्हर शोधून घेतला होता. हाताला लागेल ते हत्यार घुसवून जोर लावणारा माणूस या घरात एकच होता.

"कधी केलंस?"

छटाक बाकाकडे बघत राहिला. एवढा मोठा माणूस, पण खांदे शाळकरी पोरासारखे झाले होते. "तू हो म्हणत नव्हतीस ना. मला वाटलं, आकडा वाढलेला दिसला की तुला हुरूप येईल. चार किलो वाढवला."

"तपासलास? वजनं ठेवून?"

"घरचा काटा. अप्पांनी बनवलेला. तो काय तपासायचा?"

"तो मी आधीच तीनने बिघडवला होता, शहाण्या. अप्पांसाठी."

छटाकने वर पाहिलं. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला, ते बघवत नव्हतं. "म्हणजे... मी चार वाढवले, आणि काटा एकच चढला. मला वाटलं, ताई आठवड्यात तीन किलो उतरली. मी रोज चार वजा करत होतो, ताई. मला झोप नव्हती. तुला सांगणार कसं? आणि तू आपली शीळ घालत काम करत होतीस!"

"मी तीन वजा करत होते," ताई म्हणाली. "मला वाटलं, मी वाढतेय."

मग छटाकच्या डोक्यात हिशेब शिरला. "पण थांब. तीन आणि चार सात. काटा पाचच जास्त दाखवतोय."

"दोन मी कमी केले," जिन्यातून आवाज आला.

अप्पा कठडा धरून एकेक पायरी उतरत होते. भावजय पाठीमागून त्यांचा सदरा धरून होती. छटाक धावला. त्यांना धरून स्टुलावर बसवलं.

"तुम्हाला तर दिसत नाही, अप्पा!"

"स्क्रू बोटांनी दिसतो. आणि मी पण चढतो ना काट्यावर, हिला विचारून आकडा घेतो." त्यांनी सुनेकडे मान केली. "औषध पोरीला चाललंय आणि वजन माझं वाढतंय! आधी वाटलं, उतारवयात बाळसं धरलं. मग झाकण उघडलं. दोन हातांच्या खुणा होत्या. एक जपून, एक धसमुसळा. मला ओळखू येणार नाही? मीच शिकवलंय दोघांना."

"अगं बाई!" भावजय एकदम म्हणाली. "आणि मी इथे बिनसाखरेचा चहा पितेय!"

छटाकला हसू फुटलं, मग ताईलाही. हसताना तिला धाप लागली. बाकाचा आधार घ्यावा लागला. हसणं थांबलं, तेव्हा ती अप्पांकडे वळली.

"मग पुरतं बरोबर का नाही केलंत, अप्पा?" ताईने विचारलं. "दोनच का?"

अप्पांनी तळहात गुडघ्यांवर घासले. "तुम्ही दोघांनी एवढ्या मायेने खोटं रचलं होतं. मोडवेना. पण याने असा फिरवला होता, की तू चढताच तुला तिथल्या तिथे कळलं असतं. म्हणून जरा विश्वास बसेल इतपत खाली आणला. सवयच आहे हाताला, काम नीट करायची." त्यांचा आवाज बसला. "मला काय माहीत, पोरी, की त्यामुळे तूच फसशील. मला वाटलं, दोन दिवस बरं वाटेल, मग तू ओळखशीलच. याचं काम उघडं राहिलं असतं, तर तुला खोटी आशा लागली नसती. ती मी लावली. तीन हात लागले, आणि तिसरा सगळ्यात वाईट."

"असं म्हणू नका, अप्पा."

"खरं ते म्हणतो."

ताई बाकावरच्या वजनांना फडकं लावत त्यांच्या पेटीत परत ठेवू लागली. "मी आभार मानले होते," ती म्हणाली. "त्या दिवशी, तुमच्याशेजारी बसून. वाढलेल्या वजनाबद्दल. ते वाढलंच नव्हतं."

"मग काय, परत मागून घेणार आहेस?" अप्पा म्हणाले. "राहू दे त्याच्याकडे. आभार जुने होत नाहीत."

"तुम्ही रोज काय मागता त्याच्याकडे? मी बरी व्हावी म्हणूनच ना?"

"आधी मागत होतो. आता नुसतं तुझं नाव घेतो. त्याला काय द्यायचं ते कळतं, आणि नाही दिलं तरी नाव घेतलेलं वाया जात नाही. तुझी आई गेली तेव्हा हे शिकलो. उशीर झाला होता."

छटाकने नाक पुसलं. "आता कळलं ना खरं वजन. मग डॉक्टरबाईंना सांगू, आधी वजन वाढवतो, मग औषध. मी बघतो. तूप, दूध, जे म्हणशील ते. मी आहे ना, ताई. माझी मज्जा आहे. तू उद्या फोन कर आणि हो म्हण."

तो तिच्या अगदी समोर उभा होता. सिगारेट सुटल्यापासून त्याचे गाल भरले होते, डोळे स्वच्छ झाले होते. त्याच्याकडे देण्यासारखं काहीतरी आहे, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा सापडलं होतं. ताईला एवढे महिने नेमकं हेच जड जात होतं. मरणाशी तिने मनातल्या मनात बोलून घेतलं होतं. या माणसाच्या पुढे केलेल्या हाताला नाही म्हणायचं तिच्याने होत नव्हतं.

तिने त्या चांगल्या दिवसांचा विचार केला. आपण वाढतोय असं वाटत होतं, ते दिवस. तेव्हा तिने पुढचं काय काय पाहिलं होतं? हा बाक. प्रयोगशाळेचा काटा पुरा होऊन त्याच्या खोक्यात बसलेला. दुपारी खिडकीतून येणारं ऊन, भावजयीची बडबड, अप्पांचे मिटलेले डोळे. त्यात ती बंद खोली एकदाही नव्हती. जगण्याची आशा भरात असतानासुद्धा तिने त्या खोलीचं दार मनात कधी उघडलं नव्हतं. जिन्यात म्हणून पाहिलेला होकार जिभेला जड लागत होता तो उगाच नाही.

"छटाक, जरा बस."

"बसतो. आधी तू हो म्हण."

"बस म्हणते."

तो खोक्यावर बसला. ते करकरलं. भावजय दाराच्या चौकटीला टेकली आणि तिने पदराचं टोक मुठीत धरलं. ताईने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याची बोटं तेलकट होती, तिची थंड.

"तू जे देतोयस, ते मला पोचलं," ती म्हणाली. "हाडांतून काढून द्यायच्या आधीच पोचलं. ते कमी पडलं म्हणून नाही सांगत."

"ताई, नको."

"ऐक. मला आता कुणी वाढवून सांगायचं नाही, कुणी कमी करून सांगायचं नाही. रक्त चढवायला मी जाईन. गोळ्या घेईन, तू आणशील ते खाईन. सकाळी अप्पांशेजारी बसेन. इथे खाली येईन, पाय नेतील तोवर."

अप्पांनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते.

"पण त्या बंद खोलीत मी जाणार नाही," ताई म्हणाली. "ते औषध मी घेणार नाही."